बैल पाणी कुठं पिणार?

कराड-विटा रस्ता रुंद झाला तेव्हा मला आनंदच झाला होता. पुण्याहून गावी जाताना कंबरडं मोडायचं, ते थांबलं.

मग एका रविवारी सहज एक खेळ केला. उपग्रहाने मोजलेल्या उंचीचा ३० मीटरचा फुकट डेटा क्यूजीआयएसमध्ये टाकला आणि विचारलं, चिपळूणच्या खाडीपासून विट्यापर्यंत सर्वांत कमी कष्टाची पायवाट कुठली? चढउताराचा हिशेब वॉल्डो टोब्लरच्या १९९३ सालच्या सूत्राने केला. माणूस सपाटीपेक्षा किंचित उतारावर जास्त वेगाने चालतो, हे त्या सूत्रात धरलेलं आहे.

रेषा उमटली ती कुंभार्ली घाट, कोयनेचं खोरं, पाटण, कराड अशी. म्हणजे जवळपास आजचा गुहागर-विजापूर महामार्गच!

कराड जुनं आहे यात वाद नाही. शेजारच्या आगाशिव डोंगरात साठाहून जास्त बौद्ध लेणी आहेत. पार मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपावर 'करहकट' नगराचं दान कोरलेलं आहे. आणि मला सर्वांत आवडतो तो महिक. रायगडमधल्या कुडा लेण्यांत, खाडीच्या काठाशी, या कराडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचा दानलेख आहे. तो कुठल्या घाटाने उतरला हे लेखात नाही. पण कराडचा माणूस लोखंड विकत कोकणात पोचला, तर सह्याद्री कुठेतरी ओलांडलाच असणार, आणि बहुधा लादलेल्या बैलांसकट.

नकाशा मोबाईलवर तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत आजोबांना दाखवला. त्यांनी कराडच्या पुढची रेषा बोटाने मोठी करून पाहिली.

"तुझ्या कॉम्प्युटरचा बैल पाणी कुठं पितो रं?"

मी गप्प. चढ मोजला होता, तहान नाही. आमचा भाग दुष्काळी. येरळेचं पात्रही उन्हाळ्यात कोरडं.

तात्या मला घेऊन निघाले. महामार्गाच्या एका वळणावर गाडी थांबवायला लावली. "हितं दगडी डोण हुती. जत्रंच्या गाड्या हितंच सुटायच्या." समोर नुसता काँक्रीटचा रस्ता. मी त्यावरून कितीदा तरी ऐंशीच्या वेगाने गेलोय.

डोण काही सातवाहनांची नव्हे, शंभरेक वर्षांची असेल फार तर. पण पाण्याची जागा सहसा बदलत नाही, आणि वाट पाण्याला धरून राहते. सोयीची वाट असते म्हणूनच तिच्यावर पुन्हा पुन्हा रस्ता होतो, आणि दर वेळी खालची खूण पुसली जाते. कायद्याचाही उपयोग नाही. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, पुढचे २०० मीटर नियंत्रित. म्हणजे लेण्याभोवती वर्तुळ काढता येतं. शे-दीडशे किलोमीटरच्या वाटेभोवती काय काढणार?

मी तरीही त्या वळणाचं लोकेशन सेव्ह केलं. नाव दिलं 'डोण १, नाही'.

"फुडची वड्याकाठी हाय," तात्या सीटबेल्ट लावत म्हणाले. "ती हाय अजून. चल बिगीनं."