सत्कार झाला, पुढे काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या बुलडाणा जिल्ह्यात गावोगावच्या विहारांत गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. शाल, सन्मानचिन्ह, पाहुण्यांची लांबलचक भाषणे आणि फोटो. आम्हीही असे कार्यक्रम घेतले आहेत, खुर्च्याही उचलल्या आहेत. पण त्या मंचावर नव्वद टक्केवाला चढतो आणि पंचावन्न टक्केवाली मुलगी खाली बसून टाळ्या वाजवते. ही रीत आपल्या इतिहासाशी जुळते का?

बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हाही सत्कार झाला होता. अध्यक्ष सी. के. बोले होते. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी भीमरावांच्या हातात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले. गुरुजी एवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्या शिक्षणासाठी पैशांची अडचण आली तेव्हा त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. 1913 ला कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडले, त्यामागे ही साखळी होती. सत्काराची शाल कोणाला आठवत नाही, पुस्तक सगळ्यांना आठवते.

बाबासाहेबांनी हीच गोष्ट संस्थेच्या रूपात उभी केली. 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 ला मुंबईत सिद्धार्थ, 1950 ला औरंगाबादेत महाविद्यालय. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव कॉलेजला द्यायचे, यातच तिथले शिक्षण कसे असावे ते आले. खेड्यातून पायात चप्पल नसलेली पोरे आली, वसतिगृहात राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी त्यांच्यासाठी 'युगयात्रा' नाटक लिहिले. मिलिंदमध्येच प्राचार्य म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे यांच्याभोवती लिहिणाऱ्यांची पिढी जमली आणि 'अस्मितादर्श' उभे राहिले. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले सुखदेव थोरात मिलिंदमधूनच बी. ए. झाले आणि पुढे 2006 ला विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले.

इथे क्रम बघा. आधी राहायला खोली, वाचायला ग्रंथालय, बोलायला मंच. कर्तृत्व नंतर. आज नव्या शैक्षणिक धोरणात उलटे आहे. चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स हवे तर आधीच्या सहा सत्रांत 75 टक्के आणा. ज्या घरात अभ्यासाला कोपरा नाही, जी मुलगी सोयाबीन सोंगून कॉलेजला येते, तिने 75 आणल्यावर तिला संशोधनाची संधी! कर्तबगारीची परीक्षा संधीच्या आधीच घेतली जाते. हा जुनाच डाव आहे, फक्त भाषा नवी.

आणि आपले सत्कारही नकळत त्याच डावात खेळतात. यंदाच्या वर्गणीचे काय करायचे यावर आमच्या बैठकीत चांगलाच वाद झाला. शाल नसेल तर पालक नाराज होतील, असे काहींचे म्हणणे होते. ते खोटेही नाही. तरी आम्ही पुस्तके, प्रवेश अर्जांची फी आणि औरंगाबाद-पुण्याच्या वसतिगृहांची चौकशी करायला जाणाऱ्यांच्या एसटी भाड्याच्या बाजूने मत दिले. यादीत पंचावन्न टक्केवाल्यांची नावेही घातली आहेत.