अक्कादेवीच्या रानातली वाट

महाळुंगे पडवळ म्हटलं की १२ डिसेंबर आठवतो. १९३० साली त्या दिवशी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झालेले आपले बाबू गेनू सैद. गिरणी कामगार, वय अवघं २२. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे, शाळेतल्या पोरालाही ही गोष्ट पाठ असते. पण त्याच्या ७८ दिवस आधी, त्याच लढ्यात काय घडलं होतं, ते आपल्याकडे फार कुणी सांगत नाही.

आंबेगाव-जुन्नरची कितीतरी घरं आता वाशी, कोपरखैरणे, पनवेलला आहेत. पाऊस लागला की रविवारी ही मंडळी उरण तालुक्यात चिरनेरला, अक्कादेवीच्या रानात फिरायला जातात. चढण अवघड नाही, गाडी गावापर्यंत जाते. अटल सेतू २०२४ ला सुरू झाला, तो चिर्ल्याला उतरतो. तिथून चिरनेर किती लांब? जवळच. म्हणजे मुंबईच आता या रानाच्या दारात आलीय.

तर हे रान १९३० ला सरकारी राखीव होतं. १८७८ आणि मग १९२७ च्या वन कायद्याने फांदी तोडणं, गुरं चारणं, मोळी आणणं हे सगळं परवानगीचं नाहीतर गुन्ह्याचं काम झालं. भातवाल्या गावांना हे फार जाचलं. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, राब भाजायला पालापाचोळा, टहाळ नसेल तर रोप कशाचं करणार? त्या साली गांधीजींनी मीठ उचललं. जिथे समुद्र नाही तिथल्या लोकांनी जंगलाचा कायदा मोडला. पुसदला १० जुलैला बापूजी अणे गवत कापून अटक झाले. उरणला तर मिठागरं होती, तरी चिरनेरकरांनी जंगलच निवडलं. यावरून चीड कशाची होती ते समजा.

२५ सप्टेंबरला आसपासच्या गावांतून आगरी, कोळी, कातकरी माणसं कोयते घेऊन अक्कादेवीच्या माळाकडे निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही गेले. धाकू गवत्या फोफेरकर, आलू बेमट्या म्हात्रे, नाग्या महादू कातकरी… त्या धुमश्चक्रीत मामलेदार जोशीही मारले गेले. नंतर धरपकड झाली, खटला चालला. गावात हुतात्म्यांचं स्मारक आहे, दर २५ सप्टेंबरला मानवंदना होते. रविवारची गाडी मात्र बहुतेक वेळा स्मारकावरून तशीच पुढे जाते, सरळ धबधब्याकडे.

लोकांनी फिरायला जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. जावं, पोराबाळांना न्यावं. पण १९२७ चा कायदा अजून पुस्तकात आहे. २००६ ला वनहक्क कायदा आला, त्याने आदिवासींचा हक्क कागदावर मान्य झाला, तरी दाव्यांच्या फायली कशा फिरतात ते प्रांत कचेरीत खेटे घातलेल्याला विचारा. पाठीवर सॅक घेतलेल्याला रानात कुणी हटकत नाही. डोक्यावर मोळी घेतलेल्या कातकरी बाईला विचारणा होते. तिच्याच समाजातला नाग्या त्या माळावर गोळी खाऊन पडला होता.

यंदा १२ डिसेंबरच्या कार्यक्रमात व्यासपीठावर बाबू गेनूंच्या फोटोशेजारी या आठ जणांची नावंही लावावीत, असं मी सुचवतोय. ग्रामपंचायतीतल्या मंडळींनी यावर बोलावं.