टच: फाइलीच्या तारखेची कुळकथा

1979 साली बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तीत ‘टच’ नावाची एक छोटी कमांड होती. फाइलीवर आत्ताची तारीख चढवायची, एवढंच तिचं काम. ते ती करायची कसं? फाइल उघडायची, पहिलं अक्षर वाचायचं आणि तेच अक्षर त्याच जागी परत लिहायचं. मजकूर होता तसाच. पण लिहिणं घडलं म्हटल्यावर कर्नेल निमूटपणे ताजी वेळ मांडून ठेवायचं. तारखेला हात न लावता तारीख बदलायची ही शक्कल मला आजही आवडते.

हा खटाटोप कशासाठी, तर ‘मेक’साठी. 1976 मध्ये बेल लॅब्जमधले स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी तणतणत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. प्रोग्रॅममधली चूक आधीच दुरुस्त झाली होती, पण दुरुस्त केलेली फाइल कंपाइल करायचीच राहिली होती. सगळी सकाळ निर्दोष कोडमध्ये दोष शोधण्यात गेली. फेल्डमन यांच्या आदल्या संध्याकाळचा काही वेळही अशाच घोळात गेला होता. त्यातून जन्मलेला मेक फक्त तारखा ताडून बघतो: सोर्स फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलीपेक्षा नवी असेल, तर पुन्हा कंपाइल कर. मग एखादी फाइल मुद्दाम कंपाइल करवून घ्यायची असेल, तर तिला नवी भासवणारं काहीतरी हवंच.

मेक ज्या तारखांवर विसंबला, त्या मात्र जुन्या. नोव्हेंबर 1971 च्या पहिल्या मॅन्युअलमध्येच त्या आहेत. फाइलीचा मालक, परवानग्या, आकार हे सगळं ज्या इनोडमध्ये असतं, त्यातच दोन वेळा होत्या: निर्मितीची आणि शेवटच्या बदलाची. मोजमाप सेकंदाच्या साठाव्या भागात, कारण यंत्रातलं घड्याळ विजेच्या लाइनवर चालायचं आणि अमेरिकेत ती सेकंदाला 60 आवर्तनांची. (आपल्याकडे असतं तर पन्नासावा भाग झाला असता.) मोजणी 1 जानेवारी 1971 पासून, जागा 32 बिटांची. म्हणजे सव्वादोन वर्षांत भांडं भरलं! मॅन्युअलच्या ‘बग्ज’ सदरात याची मिश्कील नोंदही होती. पुढे एकक सेकंद झालं आणि आरंभ 1970 वर गेला. त्या हिशोबात चिन्हासह 32 बिटांची मुदत 19 जानेवारी 2038 ला, भारतीय वेळेनुसार सकाळी 8:44:07 ला संपते.

तारीख थेट बदलण्याची सोयही पहिल्यापासून होती. ‘एमडेट’ नावाचा सिस्टिम कॉल मालकाला किंवा सुपरयूझरला ती मुभा देई. टेपवरून परत आणलेली जुनी फाइल आजची दिसू लागली तर हिशोब बिघडणार, तेव्हा ही मुभा लागतेच. सातव्या आवृत्तीत हे काम ‘यूटाइम’कडे आलं. निर्मितीची वेळ तोवर गळाली होती. तिच्या जागी शेवटच्या वाचनाची वेळ आली आणि जोडीला इनोडमधल्या बदलाची, म्हणजे ‘सीटाइम’. वाचनाची आणि बदलाची वेळ प्रोग्रॅमने हवी तशी लिहावी. सीटाइमला हात लावायची सोय नाही. उलट तारीख मागे सरकवलीत, की त्याच क्षणी सीटाइम ताजा होतो. बॅकअपचे प्रोग्रॅम त्यावर भिस्त ठेवतात ते उगाच नाही. गंमत म्हणजे सातव्या आवृत्तीच्या हेडर फाइलीतली टीपच त्याला निर्मितीची वेळ म्हणते, आणि हा गैरसमज अजून गेलेला नाही.

पायथॉनमध्ये काम करताना ही वंशावळ हाताला लागते. ‘ओएस डॉट यूटाइम’ला वेळा द्यायच्या तर दोन्ही द्याव्या लागतात. फक्त बदलाची तारीख हलवायची असेल तर आधी ‘स्टॅट’ने वाचनाची वेळ घ्यायची आणि ती जशीच्या तशी परत द्यायची. तीही नॅनोसेकंदांत, दशांश सेकंदांत घेतली तर शेवटचे अंक गळतात आणि तारखांसकट केलेली कॉपी मूळ फाइलीपेक्षा किंचित जुनी ठरू शकते.

वाचनाची वेळ हे मात्र लाडावलेलं पोर. नुसतं वाचलं तरी डिस्कवर लिहायचं, हा व्यवहारच उफराटा. पण ती काढूनही टाकता येईना, कारण काही मेल प्रोग्रॅम पेटीत नवं टपाल आहे का, हे वाचनाची आणि बदलाची वेळ ताडूनच ओळखायचे. 2009 पासून लिनक्सने मधला मार्ग घेतला: जुनी नोंद शेवटच्या बदलाच्या आधीची असेल किंवा तिला दिवस उलटला असेल, तरच नवी लिहायची.

गळालेली निर्मितीची वेळ पुढे अनेक फाइल सिस्टिम पुन्हा ठेवू लागल्या. लिनक्समध्ये ती वाचायचा ‘स्टॅटएक्स’ कॉल 2017 मध्ये आला; बदलायचा कॉल मात्र नाही. फ्रीबीएसडीने वेगळं ठरवलं: बदलाची तारीख जन्माच्याही मागे नेली, तर जन्मतारीख आपोआप तिथवर मागे सरकते.