वैमानिकांचे औषधसेवन

वैमानिकांचे औषधसेवन : वैमानिकाने कोणती औषधे घ्यावीत आणि घेतल्यावर किती काळ उड्डाण टाळावे, यासंबंधीचे नियम. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए), तर अमेरिकेत संघीय विमान प्रशासन (एफएए) हे नियम ठरवते.

औषधाला परवानगी देताना त्याच्या परिणामाइतकाच मूळ आजारही पाहिला जातो. सर्दी-ॲलर्जीवरील डायफेनहायड्रामाइन मेंदूपर्यंत पोहोचून गुंगी आणते आणि ती घेणाऱ्याला अनेकदा जाणवतही नाही. एफएएनुसार त्यानंतर ६० तास उड्डाण वर्ज्य आहे. सोमवारी रात्री दहाला गोळी घेतली, तर गुरुवारी सकाळी दहापर्यंत. आपल्या घरोघरी आढळणारी सेटिरिझिनही तेथे वर्ज्य आहे. गुंगी येत नसल्याची खात्री झाल्यास लोराटाडीन व फेक्सोफेनाडीन चालतात. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९० ते २०१२ या काळात अपघातांत मृत्यू पावलेल्या ६,६७७ वैमानिकांचे चाचणी-अहवाल तपासले. किमान एका औषधाचा अंश सापडलेल्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले होते. अंश सापडला म्हणजे अपघात औषधामुळेच झाला, असे मात्र नव्हे.

भारतात उड्डाणापूर्वी १२ तास मद्य वर्ज्य असून श्वासचाचणी होते. २०२३ पासून अल्कोहोलयुक्त माउथवॉशवरही बंदी आहे. अमली पदार्थांसाठीची अचानक चाचणी ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झाली.

सर्वांत नाजूक प्रश्न मानसिक आजारांचा व खासगीपणाचा आहे. एफएएने ५ एप्रिल २०१० रोजी नैराश्यावरील चार औषधांना देखरेखीखाली परवानगी दिली. त्याआधी ती घेणाऱ्याला उड्डाणाची मुभा नव्हती. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जचे विमान सहवैमानिकाने फ्रान्समधील आल्प्स पर्वतात हेतुतः कोसळवले; १५० जणांचा मृत्यू झाला. त्याचा त्या वेळचा मानसिक आजार डॉक्टरांना ठाऊक होता, कंपनीला नव्हता. रुग्णाची गोपनीयता व प्रवाशांची सुरक्षितता यांची सीमा स्पष्ट करावी, अशी शिफारस फ्रेंच तपास संस्थेने २०१६ मध्ये केली.

श्वासचाचणीत मद्य कळते, गोळीची गुंगी किंवा मनाचा आजार कळत नाही. तो वैमानिकानेच सांगावा लागतो. म्हणूनच आजार सांगणाऱ्याला उपचार आणि बरे झाल्यावर कॉकपिटमध्ये परतण्याची खात्री मिळाली पाहिजे. नोकरी जाण्याची भीती असेल, तर तो गप्पच राहील.