वसईचा वेढा आणि शिपायाचें पदक

वसईचें नांव निघालें कीं महाराष्ट्रास चिमाजी अप्पांची इ. स. १७३९ मधील मोहीम आठवते. त्याच किल्ल्यास एकेचाळीस वर्षांनीं पडलेला दुसरा वेढा सहसा कोणी सांगत नाहीं. परंतु कंपनी सरकारच्या हिंदी शिपायांस मिळालेल्या पहिल्या मोहीम-पदकाचा इतिहास या दुसऱ्या वेढ्यापाशीं येतो.

इ. स. १७७८ मध्यें वॉरन हेस्टिंग्जनें मुंबईकरांच्या मदतीस बंगालची फौज धाडली. काल्पीहून निघून बुंदेलखंड, भोपाळ, बऱ्हाणपूर अशी मजल मारीत ती पुढील वर्षीं सुरतेस पोंचली. सेनापति गॉडर्ड यानें गुजराथेंत अहमदाबाद घेतलें आणि १७८० च्या नोव्हेंबरांत वसईस वेढा घातला. ११ डिसेंबर रोजीं किल्ला पडला. वसई सोडविण्यास निघालेले रामचंद्र गणेश कानडे यांस हार्टलेच्या मुंबईकर फौजेनें वज्रेश्वरीनजीक दुगाड येथें अडविलें होतें. १२ डिसेंबरच्या दाट धुक्यांत त्यांनीं निकराचा हल्ला केला. धुकें विरलें आणि ते रणांत पडले. ज्या किल्ल्यासाठीं त्यांनीं प्राण वेंचले, तो आदल्या दिवशींच गेला होता.

पुढें १७८२ च्या सालबाईच्या तहान्वयें इंग्रजांनीं साष्टी राखली आणि वसई मराठ्यांस परत दिली. पदक आलें तें त्यानंतर. त्यावर हिजरी सन ११९९, म्हणजे इ. स. १७८४-८५, असें वर्ष आहे. एका बाजूस शस्त्रास्त्रांच्या राशीवर बसलेली ब्रिटानिया निशाण फडकणाऱ्या किल्ल्याकडे हार धरून आहे. दुसऱ्या बाजूस फारसी लेख आहे. चलनी नाण्याप्रमाणें या वीरांची कीर्ति जगांत चालावी, असा त्याचा आशय. पदक सोन्याचें वा रुप्याचें, पिवळ्या रेशमी दोरीनें गळ्यांत घालावयाचें. लेखांत बंगालपासून दख्खनपर्यंत नेलेल्या इंग्रजी नांवाचा गौरव आहे. दुगाडला लढलेल्या मुंबईच्या शिपायाचा उल्लेख नाहीं. शिपायानें तें गळ्यांत घातलें तेव्हां वसई मराठ्यांस देऊन टाकण्याचें ठरून गेलें होतें.

मुंबईच्या दर्यावर्दी शिपायास तर आणखी वाट पाहावी लागली. कंपनीच्या लढाऊ जहाजांवर चाकरीसाठीं १७७७ मध्यें मरीन पलटण उभी राहिली. दीर्घ व एकनिष्ठ सेवेचा मान म्हणून ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ निघाली ती १८३७ मध्यें, म्हणजे साठ वर्षांनीं. पहिल्या वर्गास ‘सरदार बहादूर’ हा किताब व रोज दोन रुपये, दुसऱ्यास ‘बहादूर’ व रोज एक रुपया. तीही सुभेदार-जमादारांपुरतीच. हिंदी हवालदार-शिपायांसाठीं दीर्घ सेवेचें व सद्वर्तनाचें पदक १८८८ मध्यें सुरू झालें. १९०३ मध्यें या पलटणीस १२१ वी पायोनियर्स हें नांव मिळालें आणि १९३३ मध्यें ती मोडली.

मराठ्यांच्या राज्यांत शिपायास पदक नव्हतें. पराक्रमाबद्दल सोन्याचें कडें किंवा इनाम जमीन मिळे आणि रणांत पडलेल्याच्या मुलांस बालपरवेशी चाले. कडें मोडून खातां येई, जमीन कसतां येई, बालपरवेशीनें पोरकें घर तगे. कंपनीच्या पदकानें कीर्तीचें वचन दिलें. परंतु घरीं राहिलेल्यांच्या पोटाची चिंता त्या चकतीवर कोठेंच कोरलेली नव्हती. म्हणून शिपायाचा मान तोलतांना त्याच्या गळ्यांत काय पडलें याबरोबर त्याच्या मागें घरीं काय पोंचलें, हेंही विचारावें लागतें.