क्वेटरमासचे बोलणे

दास्तान सांगणारा गेला की दास्तान उरते ती छापील खंडांत. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने 'दास्तान-ए-अमीर हमजा'चे ४६ खंड काढले, म्हणून ती आज आपल्याला वाचता येते. पण सांगणाऱ्याचा सूर कुठे चढला, तो कुठे थांबला, ऐकणाऱ्यांनी कुठे दाद दिली, हे कोणत्या खंडात सापडणार? आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात दास्तानचा उतारा आला की मुले हमखास विचारतात, "सर, मग खरी गोष्ट कोणती? सांगितलेली की छापलेली?" या प्रश्नाला आमच्याकडे चांगले उत्तर नाही. दूरचित्रवाणीसारख्या कालपरवाच्या माध्यमातही असाच प्रकार घडून गेला आहे, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळले.

ही हकिकत लंडनची. १८ जुलै १९५३ च्या शनिवारी रात्री बीबीसीने 'द क्वेटरमास एक्सपेरिमेंट' या मालिकेचा पहिला भाग दाखवला. सहा शनिवार, सहा भाग, शेवटचा २२ ऑगस्टला. लिहिणारा नायजेल नील हा बीबीसीत नोकरीला असलेला एकतीस वर्षांचा तरुण. दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिए, मूळचा व्हिएन्नाचा, नाझींमुळे देश सोडून आलेला. नायकाचे विचित्र आडनाव नीलने लंडनच्या टेलिफोन डिरेक्टरीतून उचलले आणि बर्नार्ड हे नाव खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड लव्हेल यांच्यावरून ठेवले. सगळी मालिका जिवंत प्रक्षेपित होत होती. म्हणजे अलेक्झांड्रा पॅलेसच्या स्टुडिओत नट बोलत आणि त्याच क्षणी ते घराघरांत दिसे. चुकले तर चुकले, पुन्हा घेणे नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. प्राध्यापक क्वेटरमासने तीन माणसांना अग्निबाणातून अंतराळात पाठवले आहे. यान परत येते तेव्हा आत एकच माणूस असतो, व्हिक्टर कॅरून. बाकीच्या दोघांचे नुसते रिकामे पोशाख. यान तर बंदच होते, मग दोघे गेले कुठे? हळूहळू उलगडते की अंतराळातल्या कुठल्याशा जीवाने तिघांनाही एकत्र करून टाकले आहे आणि कॅरूनच्या शरीरात ते तिघेही आहेत. कॅरून बदलत जातो, वनस्पतीसारखा होतो आणि शेवटी एक अवाढव्य काहीतरी बनून वेस्टमिन्स्टर ॲबेत शिरतो. ही जागा नीलने उगाच निवडलेली नाही. त्याच ॲबेत त्याच वर्षी २ जूनला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला होता आणि तो पाहण्यासाठी असंख्य घरांत पहिल्यांदा टीव्ही आला होता. तीन महिने उलटायच्या आत त्याच पडद्यावर, त्याच छताखाली, हे अक्राळविक्राळ प्रकरण लोकांनी पाहिले.

ते प्रकरण बनवले कसे? ॲबेच्या आतल्या भागाचा फोटो मोठा करून त्याला भोके पाडली आणि झाडपाला चिकटवलेले हातमोजे घालून नील आणि त्याची होणारी बायको जुडिथ कर यांनी भोकांतून हात हलवले. बस्स. ही जुडिथसुद्धा लहानपणी बर्लिनहून नाझींच्या भीतीने पळून आलेली. पुढे ती मुलांसाठी लिहिणारी फार मोठी लेखिका झाली.

पण खरी गंमत त्या हातमोज्यांत नव्हती. शेवटच्या भागात क्वेटरमास हत्यार उचलत नाही. तो त्या राक्षसासमोर उभा राहतो आणि बोलतो. आत अडकलेल्या तीन माणसांना आवाज देतो, तुम्ही अजून माणसे आहात, या जिवाला विरोध करा, असे विनवतो. ते तिघे ऐकतात आणि त्या जिवासकट स्वतःलाही संपवतात. ज्याने त्यांना वर पाठवले त्यालाच हे मागणे मागावे लागते. नीलचा क्वेटरमास शंका घेणारा, आपल्या चुकीचे ओझे वाहणारा माणूस आहे. रेजिनाल्ड टेट या नटाने तो केला.

आम्ही हे पाहिलेले नाही. कुणालाच आता पाहता येत नाही. त्या काळी जिवंत प्रक्षेपण जपायचे तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून चित्र घ्यावे लागे. पहिले दोन भाग असे घेतले गेले. दुसऱ्या भागात पडद्यावर एक किडा येऊन बसलेला दिसतो, म्हणजे दर्जा काय असेल ते समजून घ्यावे. पुढचे चार भाग कुणी टिपलेच नाहीत. यात बीबीसीचा फार दोष काढण्यात अर्थ नाही. नाटक संपले की पडदा पडतो, तसे ते दूरचित्रवाणीकडे पाहत होते. जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या फ्रेड हॉइल यांनी जॉन एलियटबरोबर बीबीसीसाठी लिहिलेल्या 'ए फॉर अँड्रोमिडा' या १९६१ च्या मालिकेचेही बहुतेक भाग असेच नाहीसे झाले.

मग जगाने क्वेटरमास पाहिला कुठे? चित्रपटात. हॅमर नावाच्या ब्रिटिश कंपनीने बीबीसीकडून हक्क घेतले आणि १९५५ च्या ऑगस्टमध्ये चित्रपट आणला. सोळा वर्षांखालच्यांना मनाई असलेले 'एक्स' प्रमाणपत्र मिळणार हे दिसताच कंपनीने त्याचीच जाहिरात केली. 'एक्सपेरिमेंट'मधले पहिले इंग्रजी अक्षर उडवून शब्द थेट 'एक्स'पासून सुरू केला. धंद्याची अक्कल म्हणावी ती ही!

सहा अर्ध्या तासांची गोष्ट ८२ मिनिटांत बसवायची होती. आम्ही शिक्षक हे काम रोज करतो, धडा मोठा आणि तासिका ३५ मिनिटांची. तेव्हा काटछाट केली म्हणून आम्ही कुणाला दोष देणार नाही. काय कापले ते मात्र पाहायला हवे. मालिकेतली जुडिथ कॅरून ही क्वेटरमासच्या गटात काम करणारी शास्त्रज्ञ होती, तिच्या संसारात आधीच तडा होता. चित्रपटात ती फक्त काळजी करणारी बायको उरली. अमेरिकेत चित्रपट चालावा म्हणून क्वेटरमासच्या भूमिकेत ब्रायन डॉनलेव्ही हा अमेरिकन नट आणला. तो दरडावतो, घाईत असतो, कुणाचे ऐकून घेत नाही. नीलला तो शेवटपर्यंत आवडला नाही.

आणि शेवट. चित्रपटात क्वेटरमास त्या राक्षसाशी एक शब्द बोलत नाही. लंडनची वीज वळवून ॲबेत आणली जाते, तारा जोडल्या जातात आणि राक्षस जळून मरतो. आतल्या तिघांना कुणी काही विचारत नाही. क्वेटरमास पाठ फिरवून चालू लागतो, पुन्हा सुरुवात करायला. पुढच्या दृश्यात नवा अग्निबाण उडतो.

चित्रपट वाईट आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कॅरूनचे काम केलेला रिचर्ड वर्ड्‌स्वर्थ (कवी वर्ड्‌स्वर्थचा वंशज, हे आम्हाला वाचून बरे वाटले) जवळजवळ काही न बोलता सगळे सांगून जातो. पाण्याकाठी एक लहान मुलगी त्याला आपल्या बाहुलीच्या खेळात घेऊ पाहते. तिला आपल्या हातून काही होऊ नये म्हणून तो स्वतःशी झगडतो, त्या झटापटीत बाहुलीचे डोके उडते आणि तो पळून जातो. दिग्दर्शक व्हॅल गेस्टने हे सुरेख घेतले आहे. आत माणूस अजून शिल्लक आहे, हेच तर ते दृश्य दाखवते. म्हणून तर शेवटी त्या माणसाला हाक न मारणे अधिक खटकते.

या सगळ्यात नीलला काय मिळाले? काहीच नाही. तो नोकर होता, लिहिलेले मालकाचे. सौदा बीबीसी आणि हॅमर यांच्यात झाला. चित्रपट तुफान चालला, हॅमरने पुढे भयपटांचा मोठा कारखानाच उभारला. नील मात्र दुसऱ्यांनी बदललेला आपला शेवट बघत राहिला. पुढे १९६७ साली बीबीसीने त्याला ३००० पौंड दिले, तेही हक्क म्हणून नव्हे, मेहरबानी म्हणून.

आम्हाला इथे आमचीच एक गोष्ट आठवते, तुलना फार मोठी होईल तरी सांगतो. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी आम्ही एक नाटुकले लिहिले होते. रुसलेले दोन भाऊ, आणि शेवटी म्हातारी आई दोघांना समोर बसवून चार शब्द बोलते. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका शाळेने ते स्पर्धेत केले. लेखकाचे नाव नव्हते, त्याचे एवढे काही नाही. पण आईचे बोलणे काढून तिथे तिचा मृत्यू घातला होता. टाळ्या भरपूर पडल्या. आम्हीही वाजवल्या, काय करणार?

नीलने मात्र नंतर सावध पावले टाकली. हॅमरला क्वेटरमास घेऊन स्वतःची नवी गोष्ट रचायची होती, त्याने नकार दिला. कंपनीने १९५६ साली दुसरेच नाव देऊन तो चित्रपट काढला. १९५५ च्या दुसऱ्या मालिकेवरून १९५७ साली आलेल्या चित्रपटात पटकथेवर गेस्टबरोबर नीलचेही नाव होते, पण डॉनलेव्ही कायम राहिला. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

तिसरी मालिका 'क्वेटरमास अँड द पिट', डिसेंबर १९५८ ते जानेवारी १९५९. ही सगळी टिकून आहे. लंडनमध्ये पाया खणताना प्राचीन कवट्या सापडतात आणि मग एक यान. निष्कर्ष असा की पन्नास लाख वर्षांपूर्वी मंगळावरच्या जिवांनी आपल्या पूर्वजांत स्वतःची एक वृत्ती पेरली. आपल्यासारखा नसेल त्याला कळपाने संपवायचे, ही ती वृत्ती. यान जागे होते, तेव्हा भली माणसे रस्त्यावर येऊन वेगळे वाटणाऱ्यांना मारू लागतात. क्वेटरमासही त्या लाटेत सापडतो आणि आपल्या मित्राच्या, डॉ. रोनीच्या, जिवावर उठतो. मालिका येण्याच्या काही महिने आधी लंडनच्या नॉटिंग हिल भागात वेस्ट इंडीजहून आलेल्या काळ्या लोकांवर गोऱ्या जमावांनी हल्ले केले होते. नीलच्या मनात ते होते.

या मालिकेच्या अखेरीला क्वेटरमास टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे पाहून बोलतो, म्हणजे घरात बसलेल्या प्रेक्षकांशीच बोलतो. ही वृत्ती आपल्या सगळ्यांत आहे, तिला ओळखून आवरले नाही तर ही पृथ्वीही ओसाड होईल, असा त्याचा आशय. जवळजवळ खुतबाच म्हणा.

१९६७ साली हॅमरने यावर रंगीत चित्रपट केला. दिग्दर्शक रॉय वॉर्ड बेकर, क्वेटरमास झाला अँड्र्यू कीर, आणि पटकथा एकट्या नीलची. या वेळी कुणी त्याच्या कागदाला हात लावणार नव्हते. तरी ते भाषण चित्रपटात नाही. रोनीने जीव देऊन शहर वाचवलेले असते. उद्ध्वस्त रस्त्यावर क्वेटरमास आणि त्याची सहकारी बार्बरा थकून उरलेले असतात, एकमेकांकडे न पाहता, न बोलता. त्यांच्यावरून श्रेयनामावली सरकत राहते, तरी ते तसेच.

पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्हाला वाटले, पुन्हा बोलणे कापले! मग मालिकेतले भाषण पाहिले, परत चित्रपट पाहिला. आमच्या पिढीने १९९२-९३ ची मुंबई घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकली असे आम्ही नेहमी म्हणतो, पण खरे सांगायचे तर फार थोडे ऐकले. आमचे चाचा त्या दिवसांचा विषय निघाला की चहाचा कप खाली ठेवत आणि खिडकीकडे बघत. त्यांनी तकरीर केली असती तर आम्हाला कदाचित ती आठवलीही नसती. अर्थात वर्गात मुलांना दाखवायचे असेल तर आम्ही मालिकेतले भाषणच दाखवू. मुलांना आधी शब्द लागतात.

२ एप्रिल २००५ रोजी बीबीसीने पहिली मालिका नव्याने, पुन्हा जिवंत प्रक्षेपणातच, केली. नीलच्या जुन्या संहिता काढल्या गेल्या. जेसन फ्लेमिंग क्वेटरमास झाला. ॲबेच्या जागी टेट मॉडर्न हे कलादालन आले. विजेच्या तारा नव्हत्या. क्वेटरमास पुढे झाला आणि त्याने आतल्या तिघांना हाक मारली. नील तेव्हा ८२ वर्षांचा होता, पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो वारला. या वेळचे प्रक्षेपण मात्र बीबीसीने टिपून ठेवले.