चष्म्यातून मोठे दिसणारे जग

मोतीबिंदू काढून शिबिरातून परतलेले आजोबा आणि त्यांच्या नाकावरचा, सोडावॉटरच्या बाटलीच्या तळासारख्या काचांचा चष्मा, हे दृश्य १९८० च्या दशकापर्यंत महाराष्ट्राच्या गावोगावी परिचित होते.

त्या काळी डोळ्यातील गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून टाकत. त्याच्या जागी सहसा काहीच बसवीत नसत. त्याची उणीव +१० ते +१२ डायऑप्टरचा चष्मा भरून काढी. शक्ती भरून निघे, जागा मात्र चुके. नैसर्गिक भिंग बाहुलीच्या लगेच मागे असते, तर चष्मा डोळ्यापुढे सुमारे १२ मिलिमीटरवर. एवढ्याशा अंतराने दृष्टिपटलावरील प्रतिमा २५ ते ३० टक्क्यांनी मोठी होई. मोठी दिसणारी वस्तू जवळच आहे, असे मेंदू मानतो. म्हणून चहा कपाच्या अलीकडे सांडे, पायरी चुके. या वेंधळेपणाचे खापर वयावर फुटे. दोष प्रकाशशास्त्राचा होता.

एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तर अडचण अधिक बिकट. एक प्रतिमा मोठी, दुसरी नेहमीची. आकारातील पाचेक टक्क्यांचा फरक मेंदू कसाबसा सांभाळतो. त्यापुढे प्रतिमा जुळत नाहीत आणि एकाचे दोन दिसू लागतात. वॉल्टर लँकेस्टर यांनी १९३२ मध्ये या विषमतेला ‘अ‍ॅनिसेकोनिया’ हे नाव दिले. ‘मोतीबिंदू पिकू द्या’ या सल्ल्यामागे शस्त्रक्रियेच्या सोयीबरोबर हेही कारण होते. पिकण्याची वाट पाहण्यात कष्टकऱ्यांची कमावती वर्षे अंधारात जात, हे मात्र क्वचितच मोजले गेले.

लंडनमध्ये हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ मध्ये डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. युद्धातील वैमानिकांच्या डोळ्यांत रुतलेले अ‍ॅक्रिलिकचे कण डोळ्याला सोसतात, हे त्यांच्या ध्यानी आले होते. भिंग स्वस्थानी परतताच प्रतिमेचा आकारही जवळजवळ पूर्ववत झाला.

भारतात हा लाभ सामान्यांपर्यंत पोहोचायला चार दशके लागली. दिल्लीत एम्समधील राजेंद्र प्रसाद नेत्रकेंद्र १९६७ मध्ये उभे राहिले, राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये आला. तरी आयात भिंगे गरिबांच्या आवाक्याबाहेरच होती. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ती देशातच, बऱ्याच कमी किमतीत बनविली. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प सुरू झाला. त्यांत महाराष्ट्रही होता.

जाड चष्मा आता ज्येष्ठांच्या नाकावर विरळाच दिसतो. तान्हेपणीच मोतीबिंदू काढलेल्या काही बाळांना मात्र तो आजही देतात. त्यांचा डोळा अजून वाढायचा असतो.